तीन पाण्यांनी धुतलेला कॉम्प्युटर

"विसरलेल्यावर ओरडू नये. त्याला पहिल्यापासून सांगावं."

हे तायमी हिएतालाचं वाक्य. आमच्या कूसीलात, या फिनिश वस्तीच्या गावात, ते ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. कुणाचा कॉम्प्युटर सुरू होईना, कुणाचं छापायचं यंत्र रुसलं, की माणूस दातओठ खात तिच्या दाराशी यायचा, आणि तायमी अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचून त्याला आधी हे वाक्य ऐकवायची. मग यंत्राकडे वळायची. एन्सिओ पालोसारीने ते आयुष्यभर ऐकलं होतं. पण ते आपल्यासाठीही असू शकतं हे त्याला सत्तरी उलटल्यावर कळलं, मार्च महिन्यात, जेव्हा त्याने बायकोचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने धुऊन टाकला.

धुतला म्हणजे पाण्याने नव्हे. पण धुतलाच.

कूसीलात घराघरांत गायी होत्या तेव्हाची एक सवय लोकांच्या हाडांत उतरली आहे. दुधाचा कॅन तीन पाण्यांनी धुवायचा. पहिलं गार, दुसरं सोडा घातलेलं कढत, तिसरं उकळतं. डेअरीच्या गाडीवर चढवलेला कॅन आंबट निघाला, तर झाकणावर चिठ्ठी लावून तो परत यायचा, आणि ती चिठ्ठी सगळा रस्ता वाचायचा. गायी गेल्या, गाडी गेली, सवय राहिली. शेजाऱ्याची कुदळ परत करायची तर घासून, तेलाचा हात फिरवून. कुणाला जुनी वस्तू द्यायची तर ती नव्याहून स्वच्छ. मळकी वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवणं म्हणजे आपल्या घराची अब्रू त्याच्या हातात ठेवणं.

त्या मार्चमध्ये पालोसारींच्या मुलीने, कॅरलने, आईबापांसाठी नवा कॉम्प्युटर पाठवला. त्याची बायको एल्मा कंबरेच्या तपासणीसाठी मार्केट शहरात, बहिणीकडे राहायला गेली होती. एन्सिओने मनात ठरवलं की ती परत येईपर्यंत नवा मांडून ठेवायचा आणि जुना चर्चच्या सभागृहाला देऊन टाकायचा. आणि द्यायचा म्हटल्यावर धुणं आलंच.

जुन्या वस्तू गोळा करायला आलेल्या माणसांनी वाटलेली एक चकती, सीडी, त्याच्याकडे होती. कॉम्प्युटर दुसऱ्याला देण्याआधी आतलं सगळं पुसून टाकणारी. ती घातल्यावर पडद्यावर प्रश्न आला, किती वेळा पुसू? एन्सिओने विचार केला नाही. त्याने तीनचा आकडा दाबला. मग पेटी उघडून आतली धूळ हवेच्या नळीने उडवली, बाहेरून टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, बाजूला चिकटलेला मळका कागद नखाने आणि मग तारेच्या घासणीने खरवडून काढला. काम संपलं तेव्हा त्या पेटीत तोंड दिसत होतं. आयुष्यभर बर्फ काढायची मोटार चालवलेल्या माणसाला साफ झालेला रस्ता पाहून जसं वाटतं, तसं त्याला वाटलं.

एल्मा संध्याकाळी घरी आली. टोपी न काढताच हातमागाच्या बाकावर बसली. तिचा माग दिवाणखान्याची अर्धी जागा अडवून बसलेला. त्यातून निघालेली जाड केबल जमिनीवर मोकळी पडली होती.

"एन्सिओ," ती म्हणाली, "ही कुठे लावू?"

"नव्याला लाव."

एल्माने केबलचं रुंद, दातेरी तोंड नव्या पेटीच्या पाठीशी धरलं. तिथे बारीक बारीक भोकं होती. तेवढं मोठं तोंड घेईल असं एकही नव्हतं.

"जुना कुठाय?"

"तो काय, दारापाशी. चर्चला देतोय. चिंता करू नकोस, आतून पुसलाय."

"पुसलास?"

"पुसला."

"किती वेळा?"

एन्सिओ हसला. "तीन."

"अर्थात," एल्मा म्हणाली. "पालोसारींचा कॅन कधी आंबट निघाला नाही."

तिने आवाज चढवला नाही. तेच वाईट होतं. आमच्याकडे घरी आलेल्याला कॉफीचे तीन कप मिळतात. पहिला थंडी घालवायला, दुसरा बोलायला, तिसरा माणूस आपला आहे म्हणून. त्या संध्याकाळी एल्माने एन्सिओला एकच कप दिला आणि किटली चुलीच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवली.

मागावर क्रिस्टाच्या लग्नाचा गालिचा होता. क्रिस्टा त्यांची नात, आणि लग्न जूनमध्ये, वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो त्या सणाला. पालोसारींच्या घरातली प्रत्येक वधू घरात विणलेल्या गालिच्यावर उभी राहून लग्न करते. एल्मा तिच्या सासूने विणलेल्यावर उभी राहिली होती, कॅरल एल्माने विणलेल्यावर. पण कंबर गेल्यापासून एल्माला मागाखालच्या सगळ्या पायपट्ट्या दाबवत नसत. म्हणून तिने जुन्या मागाला कॉम्प्युटर जोडून घेतला होता. कोणते धागे वर उचलायचे हे तो सांगायचा, आणि एल्मा चांगल्या पायाने एकच पट्टी दाबायची. गालिच्याची नक्षी तिने हिवाळाभर बसून त्या कॉम्प्युटरवर चौकट चौकट भरून काढली होती. स्प्रूसच्या फांद्या आणि काठाशी तळ्याच्या लाटा. अर्धा गालिचा विणून झाला होता. नक्षी कॉम्प्युटरमध्ये होती. कॉम्प्युटर दारापाशी लख्ख चमकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एन्सिओने पेटी गोधडीत गुंडाळली, ढकलघसरीवर दोरीने बांधली आणि तायमीच्या घराचा रस्ता धरला. ढकलघसरी म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागे उभं राहून एका पायाने बर्फ मागे लोटायचा आणि सरकत जायचं. रात्रीच्या थंडीने बर्फावर काचेसारखी साय धरली होती.

वाटेत शेजारचा सुलो वाळकं सरपण फोडत होता. कुऱ्हाडीवर हात टेकून त्याने विचारलं, "काय रे, बाळ आहे की प्रेत?"

"अजून ठरलं नाही," एन्सिओ म्हणाला.

"तायमीकडे चाललायस म्हणजे प्रेतच. बाळ असतं तर डॉक्टरकडे नेलं असतंस."

तायमीचं कामाचं ठिकाण म्हणजे तिच्या गोठ्याशेजारची दुधाची खोली. पांढरा चुना, मधल्या मोरीकडे उतरती सिमेंटची जमीन, कॅन ठेवायचा सिमेंटचा हौद. हौदावर आता फळी होती आणि फळीवर कॉम्प्युटर. स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्यांत, प्रत्येक खळग्यात एका जातीचे. खोलीत ना धूळ ना वास. तायमी म्हणायची, या खोलीत गायींनी जेवढी शिस्त शिकवली तेवढी कुठल्या शाळेत शिकवत असतील तर मला दाखवा.

ती कधी कुठल्या कॉम्प्युटरच्या शाळेत गेली नव्हती. कूसीला सहकारी भांडारात ती गल्ल्यावर बसायची. भांडाराने हिशेबासाठी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्याजवळ जायला कुणी तयार नव्हतं. तायमीने त्याचं जाडजूड पुस्तक रोज घरी नेलं आणि धार काढताना गाईच्या पाठीवर उघडं ठेवून वाचलं. गाय हलली की पान उलटायचं, असं ती सांगायची, आणि ते खरं की खोटं हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. तो कॉम्प्युटर दर हिवाळ्यात एकदा तरी सगळं विसरायचा. दर हिवाळ्यात तायमी त्याला पहिल्यापासून सांगायची.

पण ते वाक्य तिथून आलं नव्हतं. ते तिच्या सासूकडून आलं होतं. सासू शेवटी शेवटी सगळं विसरली. आधी शेजारी विसरली, मग इंग्रजी विसरली, मग मुलगा. नुसती फिनिश उरली, लहानपणची. रोज सकाळी ती पलंगावर उठून बसायची आणि अनोळखी घर पाहून घाबरायची. तायमीचा नवरा वैतागायचा, "आई, काल सांगितलं ना." तायमी मात्र रोज खुर्ची ओढून समोर बसायची. ही खिडकी. हे तळं. हे तुमचं घर, तुमच्या नवऱ्याने बांधलेलं. मी तायमी. रोज पहिल्यापासून, रोज तेवढ्याच सावकाश. कूसीलातल्या बायका अजून म्हणतात की ती म्हातारी घाबरलेली मेली नाही.

एन्सिओने पेटी फळीवर ठेवली आणि गोधडी सोडली. तायमीने वीज लावली नाही. नुसता पेटीवर तळहात ठेवला.

"बर्फागत गार आहे. बस."

"लावून तरी बघ."

"थंडीतून आलेल्याला दारातच जेवायला वाढतात का? आत आल्यावर घाम सुटेल त्याला. त्या घामात वीज सोडली तर आहे तेही जाईल. बस म्हटलं ना."

म्हणून ते बसले. तायमीने कॉफी ओतली आणि वेलदोड्याच्या गोड पावाच्या, निसूच्या, चकत्या कापल्या. एन्सिओने सगळं सांगितलं. बोलताना त्याची नजर जमिनीतल्या मोरीवर होती.

"आणि नक्षी?" त्याने शेवटी विचारलं. "ती निघेल का? लोक म्हणतात, पुसलेलंही काढता येतं."

"काढता येतं. धुतलेलं नाही येत."

"एकदाच धुतला असता तर?"

"एकाच पाण्यात गेली असती रे. पुढची दोन तुझ्या समाधानासाठी." तिने त्याचा कप पुन्हा भरला. "हे बघ. मी घर उभं करून देईन. आत कोण राहायला येणार ते माझ्या हातात नाही."

पेटी हाताला कोमट लागली तेव्हा तायमीने वीज लावली. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटली: चालवायला आत काही सापडत नाही.

"बघ," तायमी म्हणाली. "नाव विचारलं तर नाव माहीत नाही. गाव विचारलं तर गाव माहीत नाही. आता याच्यापुढे खुर्ची ओढायची."

तिने कपाटातून जुन्या चकत्यांची पेटी काढली. हल्ली कुणी वापरत नाही अशा चौकोनी, पातळ फ्लॉपी. त्यांतली एक तिने आत सरकवली. यंत्र खाकरलं, खरखरलं आणि उठून बसलं. एन्सिओला आपल्या जुन्या मोटारीची आठवण आली. उणे तीसला तीही अशीच खाकरायची.

"आता काय करतेस?"

"जमिनीची वाटणी. केवढं शेत आहे ते याला सांगायचं, बांध घालायचे."

"आणि आता?"

"नांगरट. तू दगडसुद्धा ठेवला नाहीस, म्हणून पटकन होईल. नाहीतरी तुझ्याएवढी स्वच्छ जमीन मला कुणी आणून दिली नव्हती."

एन्सिओला हसावं की नाही ते कळेना. मग तायमीच हसली, आणि तोही.

नांगरट झाली. तायमीने आत घातलेली सीडी फिरायला लागली आणि पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. तायमी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मध्ये उठली नाही, दुसरं काम काढलं नाही. कुणी आजाऱ्याजवळ बसतं तशी. पट्टी अर्ध्यावर आली आणि यंत्राने परवान्याची अक्षरं मागितली.

"ही पेटीच्या बाजूला कागदावर छापलेली असतात," तायमी म्हणाली आणि वाकली. पेटीच्या बाजूला काही नव्हतं. आरसा होता.

"एन्सिओ."

"काय?"

"इथे एक कागद असायचा."

एन्सिओचा चेहरा उतरला. "मळका होता गं. कोपरे सुटले होते."

"कशाने काढलास?"

"टर्पेंटाइन. मग तारेची घासणी."

तायमीने डोक्याला हात लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. "अरे बाबा, तुला गाडीवर चढवायला हवं होतं. कॅनबरोबर."

"मग आता?"

तायमीने कोपऱ्याकडे पाहिलं. दुधाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुनी, पिवळी पडलेली पेटी होती. भांडार बंद झालं तेव्हा सभासदांनी एकेक वस्तू विकत घेतली. कुणी तराजू घेतला, कुणी कॉफी दळायचं यंत्र, कुणी नावाची पाटी. तायमीने कॉम्प्युटर घेतला होता. त्याचं काळीज केव्हाच जळून गेलं होतं, पण त्याचा परवाना तिने विकत घेतलेला होता, आणि तो दुसऱ्या कुठल्याही यंत्रात तिने कधी घातला नव्हता. लोकांनी मागितला होता. सुलोनेसुद्धा. तायमी सांगायची, एक किल्ली, एक कुलूप, सहकाराचं नाव खोट्यात घालणार नाही. ती किल्ली कशासाठी जपून ठेवली आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बहुतेक तिलाही माहीत नव्हतं.

"तुझा सभासद क्रमांक आठवतो?" तिने अचानक विचारलं.

एन्सिओने क्षणही न घेता सांगितला. भांडार बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण गल्ल्यावर सांगून सांगून तो आकडा जिभेवर बसला होता. कूसीलात लोक स्वतःच्या मुलांचे वाढदिवस विसरतात, तो आकडा विसरत नाहीत.

"तसंच मला हे आठवतं," तायमी म्हणाली.

आणि तिने डोळे मिटून ती अक्षरं आणि आकडे टंकायला सुरुवात केली. पाठ असलेल्या प्रार्थनेसारखे ओठ हलत होते. दर हिवाळ्यात एकदा, इतके हिवाळे. शेवटचं अक्षर पडलं, आणि यंत्राने काही कुरकुर न करता पुढचं विचारलं. मालकाचं नाव काय? तायमीने एल्मा पालोसारी लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता. संस्था?

तिने कळफलकावरून हात काढले. मग पुन्हा ठेवले आणि लिहिलं: कूसीला सहकारी भांडार.

"परवाना त्यांचा आहे," ती एन्सिओकडे न बघता म्हणाली. "नाव त्यांचंच लागेल."

निळी पट्टी टोकाला पोचली. यंत्र बंद पडून आपणहून पुन्हा सुरू झालं, आणि मधोमध भडक, ओबडधोबड रंगांत एक पडदा उघडला. सगळं जरा मोठं, जरा वाकडं. तायमीने त्याला नीट बघायला शिकवलं, आवाज शिकवला. शेवटी तिने एक छोटी चौकट उघडली, आणि एन्सिओने पुढे वाकून वाचलं. एल्मा पालोसारी. त्याखाली कूसीला सहकारी भांडार. पाटी उतरवली त्या दिवशी त्याने स्वतः शिडी धरली होती. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"कोण आहे माझ्यासारखी दुसरी?" तायमी म्हणाली. "सांग बरं. मार्केटपर्यंत शोध."

"मार्केटच्या पुढेही नाही."

"मग ठीक. गोधडी दे."

दुपारी दोघं पालोसारींच्या घरी आले. पेटी घसरीच्या खुर्चीवर, तायमी मागे उभी, एन्सिओ बाजूने चालत. एल्माने दार उघडलं. तायमीला पाहून बाजूला झाली, एन्सिओकडे पाहिलं नाही. पेटी पुन्हा कोमट होईपर्यंत तिघं थांबले. एल्माने मागाबरोबर आलेली चकती बाकाच्या खणातून काढून दिली. ती तिने धोट्यांबरोबर जपून ठेवली होती. तायमीने मागाचा प्रोग्रॅम चढवला, जाड केबलचं तोंड पेटीच्या रुंद भोकात बसवलं आणि एल्माला खूण केली.

एल्माने पट्टी दाबली.

काहीच झालं नाही. मागाच्या चौकटी जशा होत्या तशाच राहिल्या. तिने पुन्हा दाबली.

"असू दे," एल्मा म्हणाली. "तू पुष्कळ केलंस, तायमी. मी गालिचा कापून काढते. क्रिस्टाला दुकानातला आणू."

"कात्री खाली ठेव," तायमी म्हणाली.

तिने कॉम्प्युटरवरची तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं जुनी होती, क्रिस्टा शाळेत जायच्याही आधीची. तायमीने सावकाश मान वळवली.

"एन्सिओ, आत एक गोल बॅटरी असते. नाण्याएवढी."

"हो, होती."

"होती?"

"जुनी होती गं. चर्चला द्यायचं तर जुनी बॅटरी कशी द्यायची?"

एल्माने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले, आणि एन्सिओला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच. "देवा," ती म्हणाली, "आणि मी या माणसाला पन्नास वर्षं सांगतेय की साउनाच्या वाफेत बसायला जाण्याआधी निदान बूट तरी पूस."

तायमीच्या पिशवीत बॅटरी होती. तिच्या पिशवीत काय नसायचं? तिने ती बसवली, यंत्राच्या अगदी मुळाशी जाऊन तारीख लावली, आणि त्या रुंद तोंडातून बोलायची जुनी रीत त्याला पुन्हा शिकवली. बॅटरी निघाली तशी तो तीही विसरला होता.

"आता दाब."

एल्माने पट्टी दाबली. खट्. मागाच्या चौकटी उठल्या, धाग्यांमध्ये वाट उघडली. पुन्हा दाबली. खट्. सगळं घर जागं झाल्यासारखा तो आवाज आला. एल्मा काही वेळ नुसतीच पट्टी दाबत राहिली.

मग ती थांबली. चौकटी उठत होत्या, पण नक्षी नव्हती. पडद्यावर रिकाम्या चौकटींचा पांढरा कागद होता, टोकापासून टोकापर्यंत.

एन्सिओ दाराशी उभा होता. खोलीत कुणी त्याचं नाव घेतलं नाही, पण त्याला ते ऐकू आलं.

तायमीने पिशवी बंद केली. "माझं झालं. याला सगळं आठवतंय, फांद्या सोडून. त्या मला माहीत नाहीत. पहिल्यापासून सांगावं लागेल."

एल्मा मागाकडे बघत राहिली. विणलेलं कापड पुढच्या दांड्यावर घट्ट गुंडाळलेलं होतं, मधल्या रेघेपर्यंत. पुढचा अर्धा भाग म्हणजे मागच्याचंच उलटं प्रतिबिंब होणार होता. म्हणजे सगळी नक्षी तिथे होती, तिच्या स्वतःच्या हातची. पण ते कापड उलगडायचं तर ताण सैल करावा लागतो. अर्ध्या विणीत ताण सैल करायला विणकर धजत नाही. धागे पुन्हा सारखे ओढले गेले नाहीत, तर गालिचा मधोमध सुरकुततो आणि सुरकुती आयुष्यभर दिसते.

"एन्सिओ," एल्मा म्हणाली, "इकडे ये. मागचा दांडा धर. मोटारीचं चाक धरायचास तसा. मी सांगेन तेवढाच सोडायचा."

एन्सिओने धरला. एल्माने दांडा अडवणारा आकडा उचलला. धागे सैल पडले, पण सारखे पडले, आणि कापड बोटाबोटाने उलगडत तिच्या मांडीवर आलं. फांद्या, फांद्या, आणि कडेला लाटा. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर नख ठेवलं.

"आता तिकडे बस. कॉम्प्युटरपुढे."

"मी?"

"पुसलं कुणी?"

एन्सिओ बसला. तायमीने त्याला चौकट कशी भरायची ते एकदा दाखवलं. एल्मा वाचू लागली, "वर, वर, खाली, वर." एन्सिओ एका बोटाने भरू लागला. बर्फाच्या वादळातही तो कधी रस्त्याची रेघ सोडून गेला नव्हता. त्याने तसंच चालवलं. पहिली ओळ पूर्ण झाली तेव्हा एल्माने ती पडद्यावर आणि कापडावर दोन्हीकडे बोट फिरवून ताडून पाहिली आणि मान हलवली. मग ती कण्हत उठली, चुलीपाशी गेली, मागच्या बाजूला सरकवलेली किटली पुढे ओढली. तायमीपुढे कप ठेवला, एन्सिओपुढे ठेवला. पहिला, दुसरा, मग तिसरा.

तायमी तिसरा कप उभ्यानेच प्यायली.

"बस की," एल्मा म्हणाली.

"नको. याला मदत लागणार नाही, आणि मी राहिले तर मी करीन."

तिने येताना निसू घालून आणलेलं भांडं एल्माने धुऊन, वरून पुसून ठेवलं होतं. ते रिकामं नव्हतं. आमच्याकडे भांडं रिकामं परत जात नाही. तायमीने झाकण उचलून आत पाहिलं, मग भांड्याचा तळ उजेडाला धरला.

"किती पाण्यांनी?"

"एकाच," एल्मा म्हणाली.

तायमी हसत बाहेर गेली. तिने परतण्यासाठी उसन्या घेतलेल्या घसरीवरची गोधडी नीट घडी करून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर भांडं ठेवलं, स्क्रूड्रायव्हर अंबाड्यात खोचला आणि एका पायाने बर्फ मागे लोटला. उतरता रस्ता होता आणि बर्फावरची साय उन्हाने जराशी मऊ पडली होती. एन्सिओने खिडकीतून पाहिलं. भांडाराच्या बंद इमारतीजवळून जाताना ती थांबली नाही. फक्त तिची पाठ ताठ झाली, भांडाराच्या गल्ल्यावर बसायची तशी.

"कुठे बघतोयस?" एल्मा म्हणाली. "ओळ सुटेल." पण तिचंही नख कापडावर थांबलेलं होतं. रस्ता वळेपर्यंत दोघंही खिडकीकडे बघत होती.